दुसऱ्या विभागातलं पुणे, २००९

नारायण पेठेच्या मागून नदीपात्रातल्या रस्त्यावर उतरलात की पहिली खूण पटते: पलीकडच्या काठावर मेट्रोचे खांब नाहीत. मार्च २००९चा शेवटचा आठवडा आहे. ऊन आत्ताच चावायला लागलंय.

परत वर या, पत्र्या मारुतीच्या बाजूला कुठल्याही अमृततुल्यात शिरा. एका बाकावर नॅनोचा वाद चाललाय. एक लाखाची गाडी परवाच मुंबईत बाजारात आली, आणि ती सिंहगड चढेल की नाही यावर न चालवताच दोन तट पडलेत. दुसऱ्या बाकावर आयपीएल: निवडणुकांमुळे अख्खी स्पर्धा दक्षिण आफ्रिकेला हलवली, म्हणजे काय पोरखेळ आहे का? तुम्ही पुढ्यातला पेपर ओढून क्रीडा पान काढा. वर सगळं क्रिकेट. खाली कोपऱ्यात, असलाच तर, बोटभर फुटबॉल.

विचारून बघा. "पुणे एफसीचं काय झालं?"

"कुठली बँक ही?" असं कोणी म्हणालं तर रागावू नका. क्लब जेमतेम दोन वर्षांचा आहे. अशोक पिरामल समूहानं तो २००७मध्ये काढला आणि तो आय-लीगच्या दुसऱ्या विभागात खेळतो. पहिला विभागच इथं कोणी बघत नाही, तिथं दुसऱ्याचं काय घेऊन बसलात! त्याच साली निघालेला मुंबई एफसी २००८मध्ये हाच विभाग जिंकून वर गेला आणि पुणे खालीच राहिलं. ही बातमी पेठेत पोचली असती, तर फुटबॉलसाठी नाही, पण मुंबई पुढं गेली म्हणून तरी कोणी चार शब्द बोललं असतं.

पेठेचा दोष नाही. इथला खेळ बोळात मावणारा: मुंजाबाच्या बोळात टेनिस बॉलचं क्रिकेट, शाळेच्या पटांगणात कबड्डी. नदीपलीकडच्या डेक्कन जिमखान्यानं १९१४मध्ये खो-खोचे नियम बांधले, त्यालाही शतक होत आलंय. पुण्यात फुटबॉल आहे, पण तो खडकीत, घोरपडीत, कॅम्पात. पलटणींबरोबर आला आणि तिथंच वसला. या दोन पुण्यांमध्ये अंतर पाच-सहा किलोमीटरचं, पण रविवारी सकाळी तिकडून इकडं कोणी येत नाही आणि इकडून तिकडं कोणी जात नाही.

दुसरा विभाग म्हणजे आधी गटातले सामने, मग अंतिम फेरी. वर्षभर घरचं मैदान, शनिवारी नेमानं सामना, असलं काही नाही. चार-दोन सामने हुकले की वर्ष गेलं. वाटेत साळगावकरसारखा संघ उभा असतो, १९९८-९९चा राष्ट्रीय विजेता, खाली घसरलेला आणि परत वर जायला टपलेला. शिलाँगचा लाजाँग आहे. व्हिवा केरळ आहे. मला विचाराल तर याच विभागात खरा फुटबॉल असतो, कारण इथं प्रत्येकाला कुठंतरी जायचंय.

आणि गंमत बघा, ज्या आठवड्यात तुम्ही हा चहा पिताय त्याच्याच मागच्या आठवड्यात अमेरिका खंडात दुसऱ्या पायरीवरच्या दोन क्लबांना वरच्या लीगमध्ये जागा मिळाल्या. व्हँकुव्हर आणि पोर्टलँड. त्यासाठी त्यांना काही जिंकावं लागलं नाही, कोट्यवधी डॉलर मोजले की झालं. याच ऑक्टोबरात त्या दुसऱ्या पायरीचं अजिंक्यपद मॉन्ट्रियल जिंकेल, तेही व्हँकुव्हरला हरवून. तरी व्हँकुव्हर २०११मध्ये वर जाईल, मॉन्ट्रियल २०१२मध्ये, पैसे भरल्यावर. पुण्याच्या संघासाठी मात्र आत्ता, या उन्हाळ्यापुरता, जिना उघडा आहे. गुण मिळवा आणि चढा.

२३ एप्रिलला पुण्यात मतदान होतं. उमेदवारांत सुरेश कलमाडी आहेत, आणि बसपाकडून डी. एस. कुलकर्णी. पुढं आय-लीगमध्ये पुण्याचा आणखी एक क्लब याच डीएसकेंच्या नावानं उतरणार आहे, पण आत्ता अलका टॉकीजच्या चौकात हे कोणाला सांगाल?

तर, पुणे चढतं. साळगावकर, व्हिवा केरळ, लाजाँग आणि पुणे एफसी, चौघंही. पहिला विभाग बारा संघांचा होता, तो चौदाचा होतो. लक्ष्मी रस्त्यावर त्यासाठी कोणी पेढे वाटत नाही.

ऑगस्ट लवकर ओलांडा. स्वाइन फ्लूचा देशातला पहिला बळी पुण्यातच जातो, शाळा बंद होतात, आणि गणपतीत माणसं तोंडाला फडकी बांधून दर्शनाला उभी राहतात. पुढं अकरा वर्षांनी हे सगळं पुन्हा बघायचंय, हे तुम्हालाच ठाऊक. ते मनातच ठेवा.

आता हंगाम सुरू झालाय. गाडी काढा. लकडी पूल, फर्ग्युसन रस्ता, मग विद्यापीठ चौकातला उड्डाणपूल. मनसोक्त शिव्या द्या त्याला, २०२०मध्ये पाडणारच आहेत. बाणेर रस्त्यानं बालेवाडी. १९९४च्या राष्ट्रीय स्पर्धांसाठी बांधलेलं संकुल, गेल्या वर्षी राष्ट्रकुल युवा स्पर्धांसाठी रंगवलेलं. मैदानाभोवती धावपट्टी असल्यामुळे खेळाडू लांब दिसतात आणि तुमची शिवी पंचापर्यंत पोचत नाही, हा पुणेकराला खरा जाच. क्लबचं टोपणनाव 'रेड लिझर्ड्स'. सिंहगडाच्या गावात ही कल्पना वाईट नाही. प्रशिक्षक गोव्याचे डेरिक परेरा, आणि मधल्या फळीत जपानहून आलेला अराता इझुमी, ज्याला पुढं भारताचं नागरिकत्व मिळेल.

शेजारी खडकीचा एक पोरगा बसलाय. तोंडानं सतत चालू.

"काका, तुम्ही कुठले?"

"नारायण पेठ."

"तिकडून? फुटबॉलला?" तो मित्राला कोपरानं ढोसतो. मग जरा गंभीर होतो. "टिकू का आपण? का लगेच खाली?"

तुम्हाला सगळं माहीत आहे. डिसेंबर २०१०मध्ये भारतीय फुटबॉल महासंघ सातशे कोटींचा पंधरा वर्षांचा करार करेल, आणि त्यातून २०१४ला नवी लीग निघेल, जिच्यात वर जायला कित्येक वर्षं जिनाच नसेल. हा क्लब २०१२-१३मध्ये उपविजेता होईल आणि २०१५मध्ये बंद पडेल. डीएसके शिवाजीयन्स दोन हंगाम खेळून थांबेल. एफसी पुणे सिटी २०१९मध्ये गुंडाळला जाईल. पण पोरानं विचारलंय या वर्षाचं.

"तिसरे येऊ," तुम्ही सांगता.

"तिसरे! मोहन बागानच्या वर?"

"ईस्ट बंगालच्याही."

तो खो खो हसतो, मित्र हसतो, मागच्या रांगेतला एक गृहस्थ चष्मा सावरत वळून बघतो. "लागली वडापावची," पोरगा हात पुढं करतो.

"दोन," तुम्ही म्हणता, "आणि चहा वेगळा."