जैवडीझेल : चाचणी घाणा

वनस्पती तेलापासून डीझेलसदृश इंधन अल्प प्रमाणात, साधारणतः १ लिटर तेल घेऊन, तयार करण्याची प्रायोगिक कृती. मोठा घाणा घेण्यापूर्वी तेलाची प्रत व उत्प्रेरकाची मात्रा ठरविण्यासाठी ती करतात. सह्याद्रीतील ओढ्याकाठी वाढणाऱ्या करंजाचे अखाद्य तेल आणि तळणाचे उरलेले तेल हा महाराष्ट्रात सहज मिळणारा कच्चा माल होय.

तेल गाळून, तापवून त्यातील पाणी काढतात. नंतर अनुमापनाने त्याची आम्लता मोजतात. १ मिलि. तेलास ०·१ टक्के सोडियम हायड्रॉक्साइडचा विद्राव जितके मिलि. लागतो, तितके ग्रॅम उत्प्रेरक (सोडियम हायड्रॉक्साइड) दर लिटरच्या मूळ ३·५ ग्रॅममध्ये मिळवितात. हा उत्प्रेरक सुमारे २०० मिलि. मिथेनॉलमध्ये विरघळवून ५५° से. तापमानाच्या तेलात घालतात व मिश्रण तासभर ढवळतात. मिथेनॉल ६५° से.ला उकळत असल्याने तापमान त्याखालीच ठेवतात. रात्रभरात जड ग्लिसरीन तळाशी बसते. वरचे इंधन पाण्याने धुऊन सुकवितात. कच्च्या करंज तेलात मुक्त मेदाम्ले जास्त असल्यास आधी सल्फ्यूरिक अम्लाची प्रक्रिया करतात, अन्यथा साबण होतो.

३ मिलि. इंधन २७ मिलि. मिथेनॉलमध्ये पूर्ण विरघळल्यास विक्रिया पुरी झाल्याचे समजतात. तळाशी राहिलेले थेंब अपुऱ्या विक्रियेचे लक्षण होय. मिथेनॉल विषारी व ज्वालाग्राही, तर सोडियम हायड्रॉक्साइड दाहक असल्याने काम मोकळ्या हवेत, ज्योतीपासून दूर, चष्मा व हातमोजे घालून करतात.

भारतात जैवडीझेलची प्रत आयएस १५६०७ या मानकानुसार ठरते. २०१८ च्या राष्ट्रीय जैवइंधन धोरणात २०३० पर्यंत डीझेलमध्ये ५ टक्के जैवडीझेल मिसळण्याचे उद्दिष्ट आहे.