कुणाच्याच हाती नसलेली किल्ली

क्रिप्टोचलनाचे पाकीट म्हणजे मुळात एक संख्या असते. बिटकॉइनमध्ये ती २५६ बिटांची, म्हणजे नेहमीच्या अंकांत लिहिली तर ७७-७८ अंकी असते. तिला खासगी किल्ली म्हणतात. नाणी पाकिटात नसतातच. ती जगभरच्या संगणकांवर ठेवलेल्या एका सामाईक खतावणीत नोंदलेली असतात, आणि ज्याच्याकडे ही संख्या आहे तो तिच्या आधारे डिजिटल स्वाक्षरी करून ती नोंद दुसऱ्याच्या नावे करू शकतो. बँकेत सही जुळली नाही तर हिशेबनीस थांबवतो आणि चूक झाली तर शाखाधिकाऱ्याकडे अर्ज करता येतो. या खतावणीला शाखाधिकारी नाही. किल्ली हरवली की पैसे कायमचे अडकतात, दुसऱ्याच्या हाती लागली की कायमचे जातात. हरवू नये म्हणून तिच्या प्रती अनेक ठिकाणी ठेवाव्यात, तर जितक्या प्रती तितक्या चोरीच्या वाटा वाढतात. मल्टी-पार्टी कॉम्प्युटेशन, म्हणजे एमपीसी पद्धतीचे वॉलेट हा पेच एका अनपेक्षित मार्गाने सोडवते. त्यात अखंड किल्ली कधी कुठे तयारच होत नाही. ज्या गणितावर हे उभे आहे, त्याची सुरुवात बिटकॉइनच्या तीस वर्षे आधी झाली.

मौल्यवान वस्तूचा ताबा एकट्याकडे देऊ नये, ही समज जुनीच आहे. बँकेचा लॉकर उघडायला बँकेची आणि ग्राहकाची अशा दोन किल्ल्या लागतात, सरकारी कोषागारात डबल लॉक असते. या व्यवस्थेची अडचण माणसे वाढली की दिसते. अकरा शास्त्रज्ञांपैकी कोणतेही सहा एकत्र आले तरच कपाट उघडावे, पाच आल्यास उघडू नये, अशी अट घातली तर किती कुलुपे लागतील? उत्तर आहे ४६२ कुलुपे, आणि प्रत्येक शास्त्रज्ञाच्या जुडग्यात २५२ किल्ल्या. १९७९ मध्ये आदी शामिर या इस्रायली गणितज्ञाने आपल्या लेखाची सुरुवात याच कोड्याने केली. लेख जेमतेम दोन पानांचा होता. त्याच वर्षी अमेरिकी गणितज्ञ जॉर्ज ब्लेकली यांनीही स्वतंत्रपणे, वेगळ्या भूमितीने, हाच प्रश्न सोडवला.

शामिर यांची युक्ती शाळेच्या आलेखवहीत बसते. समजा, गुपित संख्या १७ आहे. उभ्या अक्षाला १७ वर छेदणारी एक रेषा काढायची आणि तिचा चढ मनाला येईल तो, उदाहरणार्थ ५, घ्यायचा. या रेषेवरचे तीन बिंदू तिघांना वाटायचे: पहिल्याला २२, दुसऱ्याला २७, तिसऱ्याला ३२. कोणतेही दोघे एकत्र आले की दोन बिंदूंतून एकच रेषा जाते आणि ती मागे नेली की १७ सापडते. एकट्याच्या बिंदूतून मात्र असंख्य रेषा जातात, त्यामुळे त्याला गुपिताबद्दल काहीच कळत नाही. तिघांची गरज असेल तर रेषेऐवजी परवलय घ्यायचे, आणि पुढेही असेच. प्रत्यक्षात हे गणित एका मोठ्या मूळ संख्येच्या शेष-अंकगणितात करतात, आणि तिथे ‘काहीच कळत नाही’ हे विधान काटेकोरपणे खरे ठरते. जगातला सगळ्यात वेगवान संगणक दिला तरी एकट्या हिस्सेदाराला गुपिताचा अंदाज कणभरही सुधारता येत नाही. एवढ्या थोड्या साधनांतून एवढी पक्की हमी देणाऱ्या रचना गणितातही फार नाहीत.

तरी या रचनेत एक उणीव राहते. किल्ली वापरायची वेळ आली की हिस्से एका जागी आणावे लागतात. त्या क्षणी, ज्या संगणकावर ते जुळतात तिथे, किल्ली पुन्हा अखंड होते. चोराने तेवढ्याच क्षणाची वाट पाहिली तर आधीची सगळी खबरदारी वाया जाते.

ही उणीव दूर करणारी कल्पना वेगळ्याच प्रश्नातून आली. १९८२ मध्ये अँड्र्यू याओ यांनी विचारले: दोन लक्षाधीशांना आपल्यापैकी श्रीमंत कोण हे जाणून घ्यायचे आहे, पण आपली संपत्ती सांगायची नाही, हे शक्य आहे का? शक्य आहे, हे त्यांनी दाखवले. १९८७ मध्ये ओडेड गोल्डराइश, सिल्विओ मिकाली आणि आवी विग्डरसन यांनी याचा विस्तार करून दाखवला की कितीही जणांनी आपापली माहिती झाकून ठेवली, तरी त्या माहितीवर अवलंबून असलेले कोणतेही गणित त्यांना एकत्र करता येते आणि प्रत्येकाला फक्त अंतिम उत्तर कळते. हेच मल्टी-पार्टी कॉम्प्युटेशन. त्याच सुमारास ईवो देस्मेद यांनी हा विचार किल्ल्यांकडे वळवला. हिस्से एकत्र आणून किल्ली जोडण्यापेक्षा प्रत्येकाने आपल्या हिश्शाने स्वाक्षरीचा एक तुकडा करावा आणि जोडावेत ते स्वाक्षरीचे तुकडे. तयार स्वाक्षरी गुप्त नसतेच, त्यामुळे ती एका जागी आली तरी बिघडत नाही.

पुढची वीस वर्षे हे सारे शोधनिबंधांतच राहिले. ते पहिल्यांदा मोठ्या प्रमाणावर शेतकऱ्यांच्या कामी आले, तेही डेन्मार्कच्या साखरबिटाच्या. युरोपीय संघाने साखरेचे अनुदान कमी केल्यावर तिथल्या बीट उत्पादकांना आपापले पुरवठा-करार आपसांत खरेदी-विक्री करायचे होते. बीट विकत घेणारी कंपनी मात्र देशात एकच, डॅनिस्को. आपली बोली कंपनीला कळली तर आपल्याला किती भाव परवडतो हेही तिला कळेल, ही शेतकऱ्यांची धास्ती होती. साखर कारखान्याला ऊस घालणाऱ्या महाराष्ट्रातल्या कुणालाही ती समजावून सांगावी लागणार नाही. जानेवारी २००८ मध्ये सुमारे १२०० शेतकऱ्यांनी बोली लावल्या. प्रत्येक बोलीचे तीन हिस्से डॅनिस्को, उत्पादक संघटना आणि संशोधकांचा गट यांच्या तीन संगणकांत गेले आणि तिघांनी मिळून बाजारभाव काढला. एकही बोली कुणाला दिसली नाही. सुमारे २५,००० टन उत्पादनाचे हक्क त्या लिलावात हस्तांतरित झाले.

त्याच वर्षी ३१ ऑक्टोबरला सातोशी नाकामोतो या नावाने बिटकॉइनचा आराखडा प्रसिद्ध झाला आणि किल्ली सांभाळणे हा सामान्य माणसाचाही प्रश्न बनला. सुरुवातीच्या काळात लोक ती संगणकातल्या एका फायलीत किंवा छापलेल्या कागदावर ठेवत. मोठ्या रकमा क्रिप्टोची खरेदी-विक्री करून देणाऱ्या एक्सचेंजकडे असत. फेब्रुवारी २०१४ मध्ये टोकियोतल्या माउंट गॉक्स या तेव्हाच्या आघाडीच्या एक्सचेंजने सुमारे साडेआठ लाख बिटकॉइन गेल्याचे सांगून दिवाळखोरी जाहीर केली. त्यातले दोन लाख नंतर एका जुन्या पाकिटात सापडले.

यावर पहिला तोडगा मल्टिसिगचा, म्हणजे अनेक स्वाक्षऱ्यांचा निघाला. यात किल्ल्याच वेगवेगळ्या असतात आणि ‘तिघांपैकी दोघांच्या सह्या लागतील’ हा नियम खतावणीतच लिहिलेला असतो. पद्धत सरळ आहे आणि आजही उपयोगी आहे. पण नियम सगळ्यांना दिसतो, जास्त सह्यांचे शुल्कही जास्त पडते आणि प्रत्येक चलनात तो वेगळ्या रीतीने बांधावा लागतो. इथेरियम या इथर चलनाच्या जाळ्यात तर तो स्वतंत्र प्रोग्रॅम म्हणून लिहावा लागतो, आणि प्रोग्रॅम म्हटला की त्यात चुका आल्या. नोव्हेंबर २०१७ मध्ये पॅरिटी कंपनीच्या मल्टिसिग पाकिटांचा सामाईक भाग एका वापरकर्त्याच्या हातून नष्ट झाला आणि पाच लाखांहून अधिक इथर कायमचे गोठले. चोरी कुणीच केली नव्हती.

मग स्वाक्षरीच तुकड्यांत करण्याची देस्मेद यांची कल्पना लगेच का वापरली नाही? याचे कारण एका पेटंटमध्ये आहे. क्लाउस श्नोर या जर्मन गणितज्ञाने १९८९ मध्ये स्वाक्षरीची एक अतिशय सुटसुटीत पद्धत मांडली. तिच्यात किल्ली आणि दर सहीसाठी नव्याने निवडायची एक यादृच्छिक संख्या यांची जवळजवळ नुसती बेरीज होते. बेरीज वाटून घेणे सोपे असते. प्रत्येकाने आपापल्या हिश्शाची करावी आणि उत्तरे मिळवावीत. परंतु श्नोर यांनी पद्धतीचे पेटंट घेतले. १९९१ मध्ये अमेरिकी मानक संस्थेने डीएसए ही निराळी रचना पुढे आणली आणि तिचेच लंबवर्तुळी वक्रांवरचे रूप, ईसीडीएसए, सगळीकडे रुळले. श्नोर यांचे पेटंट पुढे संपले, पण बिटकॉइन आले तेव्हा तयार आणि तपासलेली साधने ईसीडीएसएची होती. बिटकॉइनने तीच घेतली.

ईसीडीएसएमध्ये त्या यादृच्छिक संख्येने भागावे लागते आणि त्या उत्तराने किल्लीला गुणावे लागते. दोन गुपिते, दोन्ही हिश्शांत वाटलेली, आणि त्यांचा गुणाकार. प्रत्येकाने आपल्यापुरता गुणाकार करून भागत नाही, कारण एकाचा एक हिस्सा दुसऱ्याच्या दुसऱ्या हिश्शाशीही गुणावा लागतो आणि तो तर दाखवायचा नाही. ही यादृच्छिक संख्या फुटली तर किल्लीच फुटते. ऑगस्ट २०१३ मध्ये अँड्रॉइड फोनांतल्या सदोष यादृच्छिक संख्यांमुळे अनेकांचे बिटकॉइन असेच चोरीला गेले होते. १९९६ मध्ये रोझारिओ जेनारो आणि सहकाऱ्यांनी डीएसए तुकड्यांत करण्याचा मार्ग काढला होता, पण तो अवजड होता. नेटका उपाय २०१७-१८ मध्ये आला. यहुदा लिंडेल यांनी दोन पक्षांसाठी, तर जेनारो आणि स्टीव्हन गोल्डफेडर यांनी कितीही पक्षांसाठी जलद पद्धती मांडल्या. दोन्हींत पास्काल पाइए यांचे १९९९ चे सांकेतीकरण वापरलेले होते. त्याचा गुण असा की कुलूपबंद संख्या न उघडताच तिला ज्ञात संख्येने गुणता येते आणि दोन कुलूपबंद संख्यांची बेरीजही करता येते. एकाने आपला हिस्सा कुलूपबंद करून पाठवायचा, दुसऱ्याने तो न पाहता त्यावर आपले गणित करून परत करायचे.

किल्ली जन्मतःच वाटलेली असण्याची तरतूद १९९१ पासून, टॉर्बेन पेडरसन यांच्या कामात होती. प्रत्येक पक्ष स्वतःची यादृच्छिक संख्या निवडतो; या सगळ्यांचा मेळ म्हणजे किल्ली, पण तो मेळ कुणीच घालत नाही. जगाला दाखवायचा सार्वजनिक पत्ता तेवढा जोडून काढतात. १९९५ मध्ये यात हिस्से ताजे करण्याची सोय आली, आणि तीही मघाच्या रेषेवर समजते. शून्यातून जाणारी नवी रेषा, समजा ३ चढाची, जुनीत मिळवली की २२, २७, ३२ चे २५, ३३, ४१ होतात. गुपित १७ च राहते. चोराने पहिल्याचा जुना २२ आणि दुसऱ्याचा नवा ३३ मिळवला, तर त्याची रेषा ११ वर जाऊन पोचते. चैत्रात एक हिस्सा आणि आश्विनात दुसरा चोरणाऱ्याच्या हाती काहीच लागत नाही.

या पायावर पुढे व्यवसाय उभे राहिले, त्यातले बरेच इस्रायलमध्ये. तिथल्या कर्व्ह कंपनीला २०२१ मध्ये पेपालने विकत घेतले आणि लिंडेल यांनी सहकाऱ्यांसह स्थापलेली अनबाउंड त्याच वर्षाअखेर कॉइनबेसने घेण्याचे जाहीर केले. संस्थांच्या मांडणीत साधारणपणे एक हिस्सा संस्थेकडे, एक सेवा देणाऱ्या कंपनीकडे आणि एक राखीव म्हणून तिसरीकडे असतो. वैयक्तिक वापरात एक हिस्सा फोनमध्ये आणि दुसरा कंपनीच्या सर्व्हरवर असतो. फोन हरवला तर राखीव प्रतीवरून नवा हिस्सा उभा करतात. खतावणीत उमटते ती एकच साधी स्वाक्षरी. तिच्यामागे किती पक्ष होते हे बाहेरच्याला कळत नाही आणि कोणत्याही चलनाला नवा नियम लिहावा लागत नाही.

शोधनिबंधातली सिद्धता आणि चालता प्रोग्रॅम यांतले अंतर ऑगस्ट २०२३ मध्ये दिसले. फायरब्लॉक्स या कंपनीच्या संशोधकांनी ‘बिटफोर्ज’ नावाने उघड केलेल्या दोषांत असे आढळले की अनेक वॉलेटांत समोरच्याचे पाइए-कुलूप नीट घडवलेले आहे की नाही, याची तपासणीच वगळलेली होती. एक हिस्सा ताब्यात घेतलेला चोर मुद्दाम सदोष कुलूप पाठवून मोजक्या स्वाक्षऱ्यांत पूर्ण किल्ली काढू शकत होता. लिंडेल पद्धतीच्या काही आवृत्त्यांत स्वाक्षरी फसल्यावर तिथेच थांबण्याची मूळ निबंधातली सूचना पाळलेली नव्हती, त्यामुळे दर प्रयत्नामागे किल्लीचा एकेक बिट गळत असे.

त्याहून गंभीर प्रसंग गणिताबाहेर घडला. मल्टिचेन ही सेवा वेगवेगळ्या चलनांमध्ये पैसे नेण्यासाठी एमपीसी वापरत असे. जुलै २०२३ मध्ये तिच्यातून सुमारे साडेबारा कोटी डॉलर बाहेर गेले. नंतर संस्थेनेच सांगितले की मे महिन्यात तिच्या प्रमुखाला चिनी पोलिसांनी नेले होते आणि सगळे हिस्से ज्या सर्व्हरांवर होते, ते त्याच्या एकट्याच्या वैयक्तिक क्लाउड खात्यावर चालत होते. गणित निर्दोष होते. वाटणीच झालेली नव्हती. दुसरा धोका मल्टिसिगच्या एका घटनेने दाखवला, पण तो एमपीसीलाही तितकाच लागू आहे. १८ जुलै २०२४ रोजी मुंबईच्या वझीरएक्स एक्सचेंजच्या मल्टिसिग पाकिटातून २३ कोटींहून अधिक डॉलरचे क्रिप्टो गेले. सह्या खऱ्या होत्या. सही केली तो व्यवहार मात्र पडद्यावर दिसणाऱ्या व्यवहारापेक्षा वेगळा होता. फेब्रुवारी २०२५ मध्ये बायबिट एक्सचेंजचे सुमारे दीड अब्ज डॉलर याच रीतीने गेले. म्हणून संस्था आता हिस्सेदारांचे संगणक, माणसे आणि शहरेही वेगळी ठेवतात, आणि सही करण्यापूर्वी व्यवहार वेगळ्या यंत्रावर उलगडून वाचण्याची अट घालतात.

दरम्यान श्नोर यांची पद्धत परतली. नोव्हेंबर २०२१ मध्ये ‘टॅपरूट’ बदलातून बिटकॉइनने तिच्या स्वाक्षऱ्या स्वीकारल्या. तिच्यासाठी चेल्सी कोमलो आणि इयान गोल्डबर्ग यांनी २०२० मध्ये मांडलेली ‘फ्रॉस्ट’ पद्धत सही दोन फेऱ्यांत, पाइएच्या कुलपाशिवाय, जवळजवळ नुसत्या बेरजांवर करते. जून २०२४ मध्ये ती इंटरनेटच्या तांत्रिक दस्तऐवजांत आरएफसी ९५९१ या क्रमांकाने दाखल झाली. इथेरियमची सामान्य खाती आणि बिटकॉइनचे जुने पत्ते मात्र अजून ईसीडीएसएवरच आहेत, आणि त्यांच्या प्रत्येक वाटून केलेल्या सहीत तो अवघड गुणाकार आजही करावा लागतो.