तीन शहरं, बारा रात्री

मैत्रिणींनो, येत्या मे महिन्यात आमच्या लग्नाला पस्तीस वर्षं होतील. त्या निमित्ताने दोघांनीच परदेशी जायचं, हे गेल्या दिवाळीतच ठरलं. कुठे जायचं, हे ठरायला मात्र तीन महिने लागले आणि त्यातले दोन आठवडे आमचा अबोला होता.

हे बँकेतून निवृत्त झालेले. कुठलीही गोष्ट वहीत रकाने आखल्याशिवाय सुरू करत नाहीत. पहिल्याच रात्री यांनी यादी केली: अ‍ॅमस्टरडॅम, पॅरिस, झुरिक, व्हेनिस, व्हिएन्ना, प्राग आणि बुडापेस्ट. सात शहरं, बारा रात्री. मी म्हटलं, "अहो, ही सहल आहे की तपासणीचा दौरा?" यांचं म्हणणं, "अगं, एवढा खर्च करून जायचं, तर सगळं बघून यायला नको? पुन्हा कधी जाणार आहोत आपण?"

त्यांचंही खोटं नव्हतं. या वयात "पुन्हा जाऊ" असं छातीठोकपणे कोण म्हणेल? पण मला आमची पहिली परदेशवारी आठवत होती. सात दिवसांत तीन देश. पहाटे पाचला बॅगा दाराबाहेर ठेवायच्या आणि सहाला बस. चौथ्या दिवशी यांचा गुडघा सुजला. आज त्या सहलीतलं मला काय आठवतं? हॉटेलचे जिने आणि बसच्या खिडकीवरचे पडदे.

मग मी यांचीच वही घेतली आणि हिशेब मांडला. सात शहरं म्हणजे सहा वेळा मुक्काम हलवायचा. बॅगा भरा, खोली सोडा, स्टेशन गाठा, प्रवास करा, नवी जागा शोधा. एका हलण्यात अर्धा दिवस तरी जातोच. म्हणजे बारांतले तीन दिवस नुसते बॅगांमागे. बँकेतल्या माणसाला आकड्यांनीच पटतं. हे बराच वेळ वहीकडे बघत राहिले आणि म्हणाले, "मग कापायची कुठली, ते तूच सांग."

मी सत्तावीस वर्षं शाळेत इतिहास शिकवला. मला वाटलं, शहरं आपण कशाला निवडायची? इतिहासाने जी आधीच एका दोऱ्यात ओवली आहेत, तीच घेऊ. यादीतली शेवटची तीन, म्हणजे प्राग, व्हिएन्ना आणि बुडापेस्ट, अशी आहेत.

1526 साली मोहाचच्या लढाईत तुर्कांशी लढताना हंगेरीचा तरुण राजा लुई मारला गेला. तो बोहेमियाचाही, म्हणजे प्रागचाही राजा होता. त्याला मूलबाळ नव्हतं. त्याचा मेहुणा फर्डिनांड हा व्हिएन्नाच्या हॅब्सबर्ग घराण्यातला. त्याने दोन्ही मुकुटांवर हक्क सांगितला. तेव्हापासून 1918 पर्यंत, जवळजवळ चारशे वर्षं, या तीन शहरांचं नशीब एकाच घराण्याशी बांधलेलं राहिलं.

हा संसार काही सुखाचा नव्हता. हंगेरीचा मोठा भाग तुर्कांकडे गेला. बुडा शहर 1541 पासून 1686 पर्यंत त्यांच्याच ताब्यात होतं. व्हिएन्नाला तुर्कांनी दोनदा वेढा घातला, 1529 मध्ये आणि 1683 मध्ये. 1683 म्हटलं की मला शाळेतला फळा आठवतो. सप्टेंबरात व्हिएन्नाचा वेढा उठला आणि त्याच वर्षाच्या शेवटी आपले संभाजीराजे गोव्यात पोर्तुगीजांवर चालून गेले होते. मुलांना मी ही दोन वर्णनं शेजारी शेजारी लिहून द्यायची.

प्रागमध्ये 23 मे 1618 ला चिडलेल्या सरदारांनी बादशहाचे दोन कारभारी आणि त्यांचा एक लेखनिक यांना किल्ल्याच्या खिडकीतून खाली फेकलं. तिघेही वाचले, पण त्यातून पेटलेलं युद्ध तीस वर्षं चाललं आणि मध्य युरोप उजाड झाला. ती खिडकी बघायची आहे, एवढं मी यांना सांगून ठेवलं आहे. चौथ्या चार्ल्सने 1357 मध्ये बांधायला घेतलेला दगडी पूलही तिथेच. त्यावर पहाटे जायचं, गर्दी व्हायच्या आत.

पुढे 1867 मध्ये ऑस्ट्रिया आणि हंगेरी यांचा समझोता झाला आणि फ्रान्झ जोसेफचा बुडा इथे हंगेरीचा राजा म्हणून राज्याभिषेक झाला. बुडा, ओबुडा आणि पेश्त ही गावं 1873 मध्ये एक होऊन बुडापेस्ट झालं. 1896 मध्ये तिथे सुरू झालेली भुयारी रेल्वे अजून धावते. तुर्कांनी 16व्या शतकात बांधलेली गरम पाण्याच्या झऱ्यांची स्नानगृहंही अजून चालू आहेत. हे मी वाचून दाखवलं, तेव्हा यांनी पहिल्यांदा मान वर केली. गुडघ्यासाठी बुडापेस्टच्या चार रात्री तिथल्या तिथे मंजूर झाल्या.

या शहरांमध्ये एकेकाळी देशांची सीमाच नव्हती. दुसऱ्या महायुद्धानंतर मात्र काटेरी तारा आल्या. हंगेरीने 1989 च्या मे महिन्यात त्या तोडायला सुरुवात केली आणि 21 डिसेंबर 2007 ला चेकिया आणि हंगेरी शेंगेन व्यवस्थेत आले. म्हणून आज एका व्हिसावर प्रागहून व्हिएन्नाला रेल्वेने सुमारे चार तासांत आणि तिथून बुडापेस्टला पावणेतीन तासांच्या आत जाता येतं. आपल्याला ही सोय वाटते. त्या लोकांनी तिच्यासाठी पिढ्या घालवल्या.

आता व्हिएन्नाला सगळ्यात जास्त, पाच रात्री का, ते सांगते. गेऑर्ग ब्यूलर हे जर्मन विद्वान 1863 मध्ये मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजात शिकवायला आले. मुंबई सरकारसाठी त्यांनी गावोगाव फिरून हस्तलिखितं गोळा केली. त्यात जैन ग्रंथ पुष्कळ होते. तो सरकारी संग्रह आज पुण्याच्या भांडारकर संस्थेत आहे. तब्येतीमुळे ते युरोपात परतले आणि व्हिएन्ना विद्यापीठात प्राध्यापक झाले. 26 मे 1887 ला तिथल्या शाही विज्ञान अकादमीच्या सभेत त्यांनी व्याख्यान दिलं, विषय भारतातले जैन. जैन धर्म ही बौद्ध धर्माची शाखा असल्याचा समज तेव्हा युरोपात होता. तो खोडून काढणाऱ्यांत याकोबी आणि ब्यूलर पुढे होते. मथुरेच्या शिलालेखांवर ब्यूलरांनी केलेलं काम त्याला आधार ठरलं. 1898 मध्ये बोडेनसे सरोवरात बुडून त्यांचा अंत झाला.

मी हे सांगत असताना हे गप्प बसले होते. मग म्हणाले, "आपण पुण्यात लेकीकडे इतक्यांदा जातो, भांडारकर संस्था कधी पाहिली?" पाहिली नव्हती. तेव्हा आता आमची सहल पुण्यापासून सुरू होते.

एवढं झाल्यावर व्यवहाराचं सगळं यांनी हाती घेतलं. विमानाचं तिकीट जाताना प्रागचं आणि येताना बुडापेस्टहून, म्हणजे मागे फिरायला नको. प्राग तीन रात्री, व्हिएन्ना पाच, बुडापेस्ट चार. शेंगेन व्हिसासाठी जिथे मुक्काम जास्त त्या देशाकडे अर्ज करायचा असतो, म्हणून आमचा अर्ज ऑस्ट्रियाकडे. प्रवास विमा किमान 30,000 युरोंचा लागतो. तीन शहरांत चलनं तीन, कोरुना, युरो आणि फोरिंट. त्यांचे तीन वेगळे बटवे मी शिवले आहेत.

जेवणाची काळजी तुम्ही विचाराल म्हणून सांगते. स्वयंपाकघर असलेल्या जागा घेतल्या आहेत. भाजणी, मेतकूट, पोहे आणि चटण्या नेणार. दूध आणि दुधाचे पदार्थ बाहेरून युरोपात नेता येत नाहीत, तेव्हा तुपाचा डबा घरीच राहील. मे महिन्यात तिथे सूर्य साडेआठच्या आसपास मावळतो. दिवसभर फिरून खोलीवर आलं, तरी सूर्यास्तापूर्वी निवांत जेवता येईल. चातुर्मासाच्या आत घरीही परत येऊ.

आणि हो, यांच्या यादीचा थोडा मान मी राखला आहे. व्हिएन्नाहून ब्रातिस्लाव्हा रेल्वेने तासाभरावर. बॅगा न हलवता सकाळी जायचं, संध्याकाळी परत. हंगेरी तुर्कांकडे असताना तिथल्या राजांचे राज्याभिषेक तिथे होऊ लागले. मारिया थेरेसाचाही 1741 मध्ये तिथेच झाला. यांनी लगेच वहीत लिहिलं, "देश: चार."

त्याच पानावर मी दोन दिवस कोरे सोडले आहेत, एक व्हिएन्नात आणि एक बुडापेस्टमध्ये. यांनी परवा विचारलं, "इथे काय लिहू?" म्हटलं, काही लिहू नका. त्या दिवशी नदीकाठच्या बाकावर बसू. पस्तीस वर्षांत आपण दोघं असे नुसते कधी बसलो होतो, ते आठवू.

त्यांनी पेन्सिलीने तिथे बारीक अक्षरात लिहिलं, "बाक."

जय जिनेंद्र.