पटकीचे विष आणि डॉ. शंभुनाथ डे

एकोणिसाव्या शतकात पटकीची साथ आली म्हणजे गावेच्या गावे ओस पडत. जत्रा-यात्रांच्या वाटेने ती पसरे, जरीमरीच्या देवळात नवस बोलले जात, आणि सकाळी धडधाकट असलेला माणूस सायंकाळपर्यंत पार शुष्क होऊन दगावे. शरीरातील पाणी इतक्या वेगाने जाते तरी कशाने? या प्रश्नाचे उत्तर ज्या नगरीत सापडले, ती नगरी म्हणजे कलकत्ता, आजचे कोलकाता.

गंगेच्या मुखाकडील प्रदेश हे या रोगाचे जुने माहेरघर. म्हणूनच जर्मन शास्त्रज्ञ रॉबर्ट कॉख १८८३ च्या अखेरीस कलकत्त्यास आले, आणि १८८४ च्या आरंभी त्यांनी स्वल्पविरामाच्या आकाराचा जंतू हे पटकीचे कारण असल्याचे कळविले. हा जंतू आतड्यातच राहतो, रक्तात शिरत नाही. मग तो माणसाला मारतो कसा? तो एखादे विष निर्माण करीत असावा, असा कॉख यांचा तर्क होता. तर्क बरोबर होता; परंतु त्याचा पुरावा मिळण्यास तब्बल ७५ वर्षे जावी लागली.

याचे कारण शोधाची दिशाच चुकली होती. घटसर्पाचे विष रक्तातून शरीरात दूरवर जाते. पटकीचेही तसेच असणार असे गृहीत धरून संशोधक प्राण्यांच्या शिरांत किंवा पोटाच्या पोकळीत जंतूंचा अर्क टोचीत राहिले. प्राणी मरत, पण त्यांना पटकी होत नसे.

हुगळी जिल्ह्यातील गरीबाटी या खेड्यात १९१५ साली जन्मलेले डॉ. शंभुनाथ डे यांनी हा प्रश्न निराळ्या रीतीने विचारला. लंडन येथे पीएच. डी. मिळवून ते १९४९ मध्ये परतले आणि कलकत्त्याच्या नीलरतन सरकार मेडिकल कॉलेजात काम करू लागले. रोग आतड्यात घडतो, तर विषही आतड्यातच घालून पाहावे, हा त्यांचा विचार. सशाच्या आतड्याचा एक भाग दोन्ही बाजूंनी दोऱ्याने बांधून त्यांनी त्यात पटकीचे जंतू सोडले. दुसऱ्या दिवशी तो भाग पाण्याने टम्म फुगलेला आढळला. हा प्रयोग १९५३ साली प्रसिद्ध झाला. १९५९ मध्ये त्यांनी पुढचे पाऊल टाकले. जंतू गाळून काढलेला, म्हणजे एकही जंतू नसलेला द्रव त्यांनी आतड्यात सोडला, आणि आतडे तसेच फुगले. जंतूपासून वेगळे असे विष आहे, आणि ते आतड्याच्या अस्तरावर काम करते, हे यातून सिद्ध झाले. त्याच वर्षी मुंबईच्या हाफकिन इन्स्टिट्यूटमधील दत्त, पानसे आणि कुलकर्णी यांनीही सशाच्या पिलांवरील प्रयोगांतून पटकीतील विषाचे कार्य दाखवून दिले.

हे विष १९६९ मध्ये अमेरिकेत शुद्ध स्वरूपात मिळाले. ते एक प्रथिन आहे. त्याचे पाच सारखे घटक कड्यासारखे रचलेले असतात, आणि सहावा घटक पेशीत शिरून तिला क्षार व पाणी बाहेर टाकावयास लावतो. हे कडे अस्तरावरील जी-एम-१ नावाच्या मेदयुक्त रेणूची शर्करा ओळखून तिला घट्ट धरते. असा ओळखला जाणारा रेणू तो ग्राही रेणू.

पाण्यात अशी ओळख पटणे हे सोपे काम नव्हे. ज्या बंधांनी दोन रेणू एकमेकांस धरणार, त्या जागा पाण्याच्या रेणूंनी आधीच अडविलेल्या असतात. पाण्याला दूर सारण्याची किंमत मिळणाऱ्या पकडीतून वसूल झाली, तरच ती पकड टिकते. निसर्ग हे दोन प्रकारांनी साधतो: खाचा व उंचवटे नेमके जुळवून, आणि एका जागेऐवजी अनेक जागी हात घालून. पटकीच्या विषात हे दोन्ही प्रकार एकत्र आले आहेत.

हीच किमया आपणही साधावी, असा प्रयत्न रसायनशास्त्रज्ञांनी केला. दुसऱ्या रेणूला निवडून धरणारे कृत्रिम रेणू घडविल्याबद्दल पेडरसन, क्रॅम आणि लेन यांना १९८७ चे नोबेल पारितोषिक मिळाले. पुढे प्रत्यक्ष पाण्यात पेप्टाइडे व प्रथिने ओळखणारे रेणूही सिद्ध झाले. भोपळ्याच्या आकारावरून नाव मिळालेला कुकुर्बिटुरिल हा पोकळ रेणू इन्सुलिनच्या एका साखळीचे टोक अचूक हेरतो, असे २०११ मध्ये दिसून आले. पटकीच्या विषालाही अशीच हुलकावणी देण्याचे प्रयत्न झाले. मिलान येथे जी-एम-१ ची सोपी नक्कल तयार झाली. २००० साली सिअ‍ॅटल येथे पटकीच्या विषाच्या एका सख्ख्या भावंडाला पाचही जागी एकदम धरणारा पाच बाहूंचा रेणू घडविण्यात आला.

रुग्णाचे प्राण मात्र आजही मुख्यतः मीठ-साखरेचे पाणीच वाचविते. १९७१ मध्ये बनगावच्या निर्वासित छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी ते मोठ्या प्रमाणावर दिले, आणि मृत्यूचे प्रमाण शेकडा ३० च्या आसपास होते, ते शेकडा ४ च्या खाली आले. विषाने अस्तर फोडलेले नसते. साखरेसोबत मीठ आत घेण्याची त्याची शक्ती शाबूत असते, म्हणूनच हे शक्य होते.

डॉ. डे १९७३ मध्ये निवृत्त झाले. १९७८ मध्ये नोबेल प्रतिष्ठानने पटकीवरील परिसंवादासाठी त्यांना स्टॉकहोमला निमंत्रित केले, आणि नोबेल विजेते जोशुआ लेडरबर्ग यांनी त्यांचे नाव त्या पारितोषिकासाठी सुचविले. ते पारितोषिक काही मिळाले नाही. देशातील मोठे मानही त्यांच्या वाट्यास आले नाहीत. १९८५ साली ते निवर्तले. १९९० मध्ये ‘करंट सायन्स’ या नियतकालिकाने त्यांच्या कार्यावर विशेषांक काढला, तेव्हा कोठे देशातील अनेकांना त्यांचे नाव कळले. सशाच्या आतड्याला बांधलेला दोरा एवढ्या साधनानिशी त्यांनी जो प्रश्न सोडविला, त्याच्या पुढच्या पायऱ्या आज जगातील प्रयोगशाळा चढत आहेत.