कूच : एका तुर्की शब्दाचा मराठी मुक्काम

तुर्की भाषा शिकू लागलेल्या मराठी विद्यार्थ्याला 'ग्योच एत्मेक' हा प्रयोग फार लवकर भेटतो. त्यातला पहिला स्वर ओठ गोल करून उच्चारावा लागतो आणि देवनागरीत त्यासाठी नेमके चिन्ह नाही. पण शब्द कानावर पडताच ओळखीचा वाटतो. 'एत्मेक' म्हणजे करणे. 'ग्योच' म्हणजे बिऱ्हाड हलवणे, एका ठिकाणचा वास्तव्याचा पसारा मोडून दुसरीकडे जाणे. पश्चिमेकडच्या तुर्कीत शब्दारंभीचा जुना 'क' अनेकदा 'ग' होतो. तो मूळ रूपात परत ठेवला की 'क्योच' उरते. फारसीने तोच शब्द 'कूच' म्हणून घेतला, आणि फारसीतून तो दख्खनच्या दप्तरांत, तेथून मराठीच्या तोंडी आला. शब्दाची रचनाही सोबत आली. तुर्कीत 'ग्योच एत्मेक', फारसीत 'कूच कर्दन', मराठीत 'कूच करणे' : नाम तेच, क्रियापद मात्र ज्या त्या भाषेचे.

व्युत्पत्ती येथे संपते. पण शब्दाचा खरा इतिहास त्याच्या अर्थांत असतो, आणि तेथे या दोन भावंडांच्या वाटा वेगळ्या झालेल्या दिसतात.

तुर्कीत या धातूचा विस्तार मोठा आहे. भटक्या जमातीला 'ग्योचेबे' म्हणतात, स्थलांतरिताला 'ग्योचमेन'. ऋतूनुसार देश बदलणारे पक्षीही 'ग्योचमेन'च. शिकलेली माणसे परदेशी निघून जातात त्याला 'मेंदूंचे ग्योच' अशा अर्थाचा शब्दप्रयोग रूढ आहे. छत कोसळणे, जमीन खचणे यालाही 'ग्योचमेक' हेच क्रियापद लागते, आणि खाणीतल्या दरडीला 'ग्योचुक' म्हणतात. तंबू मोडल्यावर जे खाली बसते, त्याची स्मृती या अर्थात असावी, असे आम्हाला वाटते. आणि शेवटी, माणूस मरण पावला की तो 'जगातून ग्योच करून' गेला, असेही म्हणतात. पशू, पक्षी, घर, खाण, मृत्यू : जे जे जागेवरून सुटते, ते सारे या एका शब्दाच्या कक्षेत येते. अफगाणिस्तानातल्या भटक्या पशुपालकांना 'कोची' म्हणतात, तेही याच शब्दावरून.

मराठीने यांतला एकच अर्थ उचलला : फौजेचे निघणे. बखरींतून आणि पत्रव्यवहारातून 'कूच दरकूच', 'मजल दरमजल', 'मुक्काम' ही शब्दावली पदोपदी येते. शब्द ज्या वाटेने आला ती वाट लष्करी होती, हे त्याचे उघड कारण. त्याच वाटेने आणखीही तुर्की शब्द आले आहेत. तोफ तुर्की, कुमक तुर्की, 'तोपची'तला 'ची' हा प्रत्यय तुर्की. 'एल्गार' हाही मूळचा तुर्की शब्द. घोडे भरधाव सोडून घातलेला छापा, असा त्याचा अर्थ. सुरेश भटांनी १९८३ साली आपल्या संग्रहाला ते नाव दिले, तेव्हा हा शब्द मराठीत इतका मुरलेला होता की त्याचे परकेपण कोणाला टोचले नाही. शिवकाळातल्या राज्यव्यवहारकोशाने यावनी शब्दांना संस्कृत पर्याय दिले, विसाव्या शतकात भाषाशुद्धीची चळवळ झाली. तरीही 'कूच' टिकला. ज्या माधव जूलियनांनी १९२५ साली फार्शी-मराठी कोश सिद्ध केला, तेच पुढे भाषाशुद्धीच्या बाजूने उभे राहिले, हे लक्षात घेतले म्हणजे या शब्दांशी असलेले आपले नाते किती गुंतागुंतीचे आहे ते कळते.

मृत्यूचा अर्थ मात्र मराठीत रुजला नाही. उर्दूत 'कूच करणे' म्हणजे जग सोडणे हा अर्थ चांगलाच रूढ आहे. मराठीजवळ त्यासाठी प्रयाण, महाप्रयाण, वैकुंठगमन असे शब्द आधीच होते. आणि जिथे घराबाहेर पडतानासुद्धा 'जातो' न म्हणता 'येतो' म्हणायचे, त्या भाषेने छावणी उठल्याचा शब्द घरातल्या मरणाला लावला नाही, यात नवल नाही.

पण भटकंतीचा अर्थही गळाला, याचा विचार करायला हवा. मूळ शब्दात सारी वसाहत हलते : बायका, मुले, म्हातारी, गुरे, भांडी. आता मराठी फौजांकडे पाहावे. १७६० च्या मार्चमध्ये सदाशिवरावभाऊंच्या फौजेने पडतूरहून, म्हणजे आजच्या जालना जिल्ह्यातल्या परतूरहून, उत्तरेकडे कूच केले. त्या फौजेबरोबर पार्वतीबाई होत्या, इतर स्त्रिया होत्या, तीर्थयात्रेला निघालेले लोक होते, दुकानदार, नोकरचाकर होते. तुर्की अर्थाने पाहिले तर ते खरेखुरे 'ग्योच' होते. एक चालते गाव होते. मराठीने मात्र त्या गावाचे दोन तुकडे केले. लढणाऱ्यांच्या चालण्याला 'कूच' म्हटले आणि उरलेल्यांना 'बाजारबुणगे'. हा दुसरा शब्द आजही तुच्छतेनेच वापरला जातो. १४ जानेवारी १७६१ रोजी पानिपतावर जे घडले, त्यात हे बाजारबुणगेही मेले आणि गुलाम झाले. तरी आपल्या वर्णनांत ते बहुधा पराभवाच्या कारणांपैकी एक कारण म्हणून येतात, पराभव भोगणारी माणसे म्हणून क्वचित.

हा भेद केवळ अठराव्या शतकाचा नाही. आम्ही हे नागपुरातल्या प्रताप नगरातून लिहीत आहोत. १९५३ च्या नागपूर करारानुसार विधिमंडळाचे एक अधिवेशन या शहरात भरते, आणि त्या दिवसांत 'मोर्चाचे विधानभवनाकडे कूच' हे शब्द वृत्तपत्रांत हमखास येतात. गंमत अशी की 'मोर्चा' म्हणजे मुळात खंदक, तटबंदी, एका जागी रोवलेली ठाणबंद गोष्ट. मराठीत ती चालू लागली आणि तिला 'कूच' हे क्रियाविशेष मिळाले. २३ नोव्हेंबर १९९४ रोजी अशाच एका मोर्चात चेंगराचेंगरी होऊन ११४ गोवारी मरण पावले. ते परंपरेने गुरे राखणाऱ्या समाजाचे लोक, आणि त्यांत स्त्रिया व मुलेही होती. वृत्तपत्री 'कूच' या शब्दात त्यांना जागा नव्हती. तो शब्द फौजेचा. त्यांचे येणे मूळ तुर्की अर्थाच्या अधिक जवळचे होते. आज सीताबर्डीजवळ त्यांचे स्मारक आहे आणि उड्डाणपुलाला त्यांचे नाव आहे.

यानंतरचे उदाहरण २०२० चे. टाळेबंदीत जालन्याच्या पोलाद कारखान्यात काम करणारे मजूर मध्य प्रदेशातल्या आपल्या गावी जाण्यासाठी रुळांवरून पायी निघाले. ८ मे रोजी पहाटे करमाडजवळ रुळांवर झोपलेल्या त्यांच्यापैकी १६ जणांना मालगाडीने चिरडले. ज्या जिल्ह्यातून दोनशे साठ वर्षांपूर्वी भाऊंच्या फौजेने उत्तरेकडे कूच केले होते, त्याच जिल्ह्यातून हे मजूरही उत्तरेकडेच निघाले होते. पण त्यांच्या चालण्याला 'कूच' म्हणायचे कोणाच्या मनात आले नाही. त्यांच्यासाठी आपण 'स्थलांतरित' हा शब्द वापरला : शुद्ध, निर्दोष, आणि जनगणनेच्या रकान्यात बसणारा. खेड्यापाड्यांतली माणसे स्वतःविषयी बोलताना 'जगायला चाललो' असे म्हणतात. त्या दोन शब्दांत जाण्याचे कारणही आहे आणि जाणारा माणूसही.

शब्दांचे अर्थ ठरवून बदलता येत नाहीत, आणि 'कूच'चा हरवलेला अर्थ मराठीत परत आणावा, असे आमचे म्हणणे नाही. वर्गात बखरी शिकवताना आणि शिकताना एवढे मात्र करता येईल : 'फौजेने कूच केले' हे वाक्य आले की क्षणभर थांबून त्या फौजेच्या मागे कोण कोण चालत होते, ते विचारावे. एका परक्या भाषेतला साधा शब्दप्रयोग शिकल्याने आपल्याच भाषेतल्या वाक्यामागची ही रांग दिसू लागत असेल, तर ते शिकणे वाया गेले असे म्हणता येणार नाही.