रायफल अडकते तेव्हा : अंबरनाथचे पितळ आणि स्वयंभरण बंदुकीचा इतिहास (थ्रेड)

अंबरनाथ सोडून बदलापूरकडे निघालेली लोकल चिखलोलीच्या शिवारातून जाते. आज हे गाव धरणामुळे, औद्योगिक वसाहतीमुळे आणि नियोजित स्थानकामुळे ओळखले जाते. याच पट्ट्यात, अंबरनाथच्या पश्चिमेला, उंच भिंतीआड एक सरकारी कारखाना आहे : आयुध निर्माणी. तेथे तोफा बनत नाहीत, रायफलीही बनत नाहीत. तेथे प्रामुख्याने पितळ आणि ॲल्युमिनियम यांसारखे धातू वितळतात, लाटले जातात, ओढले जातात. रायफलीच्या इतिहासात या पितळाचे काय काम, हा या थ्रेडचा विषय.

स्वयंभरण रायफलीची कल्पना ऐकायला सोपी आहे. एक गोळी झाडली की तिच्याच दारूच्या वायूतील थोडा भाग नळीतून वळवायचा. त्या वायूने दट्ट्या मागे ढकलायचा, दट्ट्याने बोल्ट मागे न्यायचा, बोल्टने रिकामी पुंगळी ओढून बाहेर फेकायची आणि स्प्रिंगच्या जोराने परत येताना नवे काडतूस आत सारायचे. सैनिकाने केवळ चाप ओढायचा. हे सारे चक्र निमिषार्धात पुरे होते. त्यातील एक पायरी चुकली की रायफल अडकते आणि शत्रूसमोर उभ्या असलेल्या माणसाच्या हातात एक जड काठी उरते.

अशा वेळी पहिला संशय रायफलीवर जातो. मात्र गेल्या शतकातील मोठी प्रकरणे उलगडून पाहिली तर दोष पुष्कळदा भलत्याच ठिकाणी निघालेला दिसतो.

सुरुवात घोड्यांच्या पागेपासून करावी लागेल.

ब्रिटिश अमदानीत हिंदुस्थानातील फौजेला एका विचित्र दोषाने छळले होते. पावसाळ्यात लष्करी हालचाली मंदावत. त्या काळात काडतुसे साठवून ठेवली जात, कित्येकदा तबेल्यांत. पाऊस संपून पेट्या उघडल्या की पितळी पुंगळ्यांना बारीक उभ्या भेगा पडलेल्या दिसत. कोणी त्यांना हात लावला नव्हता, कोणी त्या आपटल्या नव्हत्या. दोष मोसमागणिक दिसे, म्हणून धातुशास्त्रात त्याला ‘सीझन क्रॅकिंग’ हेच नाव पडले, म्हणजे मोसमी तडा. इंग्रजी धातुशास्त्राच्या पाठ्यपुस्तकांत आपल्या पावसाळ्याने उमटवलेली ही खूण आजही शिकवली जाते.

१९२१ मध्ये मूर, बेकिन्सेल आणि मॅलिन्सन या संशोधकांनी या कोड्याची उकल मांडली. घोड्यांच्या मुत्रातून निघणारा अमोनिया दमट हवेत मिसळे आणि पितळातील तांब्यावर काम करी. परंतु अमोनिया हा अर्धाच गुन्हेगार होता. उरलेला गुन्हा खुद्द पुंगळीच्या अंगात दडलेला होता.

काडतुसाचे पितळ म्हणजे साधारण ७० टक्के तांबे आणि ३० टक्के जस्त. त्याची चकती कापून आधी वाटी करतात. मग ती वाटी टप्प्याटप्प्याने साच्यातून ओढून लांब नळी बनवतात. प्रत्येक ओढीसरशी धातू कडक होतो आणि आत ताण साठतो. पुण्याच्या तांबट आळीतील कारागिरांना ही गोष्ट पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक होती. हातोड्याखाली घट्ट झालेले भांडे ते पुन्हा भट्टीत घालून मऊ करत, नाहीतर पुढच्या घावाला ते तडकले असते. पुंगळीवरचा उपायही त्याच जातीचा ठरला : शेवटची ओढ झाल्यावर मंद आचेवर तापवून आतला ताण उतरवायचा. तेवढे केले की अमोनियाच्या वासाने पितळ फाटत नाही.

त्या काळची .३०३ ली-एनफील्ड रायफल हाताने बोल्ट मागेपुढे करून चालवायची होती. पुंगळी अडकली तर सैनिक तळहाताने बोल्टवर जोर देई, शिव्या हासडी आणि काम निभावून नेई. माणसाचा हात हा फार क्षमाशील यंत्रभाग आहे. स्वयंभरण रायफलीत तो हातच काढून टाकलेला असतो. त्या जागी वायूचा ठरावीक धक्का आणि स्प्रिंगचा ठरावीक जोर येतो, आणि पितळाचा एरवी खपून गेलेला दोष आता खपत नाही. ‘पितळ उघडे पडणे’ हा वाक्प्रचार येथे अक्षरशः लागू पडावा.

पुंगळीकडून अपेक्षा तरी किती असतात ते पाहा. स्फोट होताच तिने फुगून चेंबरच्या भिंतीला घट्ट चिकटायचे, म्हणजे वायू मागे सैनिकाच्या चेहऱ्याकडे येत नाही. दाब ओसरताच तिने किंचित आकसून भिंत सोडायची, म्हणजे बोल्ट तिला बाहेर ओढू शकतो. त्यासाठी तिचे तोंड मऊ आणि बूड कडक लागते. एकाच वाटीतून निघालेल्या, बोटाएवढ्या वस्तूत हे दोन स्वभाव नांदवणे हे पितळ-कारखान्याचे खरे कौशल्य.

१९६२ च्या युद्धात भारतीय जवान बहुतांशी .३०३ घेऊनच लढले. समोरच्या चिनी सैनिकांकडे स्वयंभरण कार्बाइन होत्या. त्याआधीच भारताने बेल्जियमच्या एफएन कंपनीच्या ‘एफएएल’ रायफलीवर नजर ठेवली होती, परंतु परवान्याच्या अटींवरून बोलणी फिसकटली. मग पुण्याच्या शस्त्रास्त्र संशोधन व विकास संस्थेने परदेशी नमुने अभ्यासून देशी आराखडा तयार केला आणि तो बंगालमधील इशापूरच्या कारखान्यात उतरला. तीच ‘१ए१’, जवानांच्या तोंडची ‘एसएलआर’. घरी घडवलेल्या या रायफलीचे भाग बेल्जियन मापाच्या किंवा ब्रिटिश मापाच्या भावंडांशी सर्रास अदलाबदल करता येत नाहीत. ती दोघांसारखी दिसते, पण दोघांपैकी कोणाचीच नाही.

एफएएलच्या रचनेत एक प्रांजळपणा होता. वायूचा जोर कमीजास्त करणारी एक कडी तिच्या नळीवर बसवलेली होती. धूळ, थंडी आणि काजळी यांनी रायफल मंदावणार, हे रचनाकाराने आधीच गृहीत धरले होते. ब्रिटिशांनी आपल्या आवृत्तीत वाळू झटकली जावी म्हणून बोल्टच्या वाहकावर खाचाही पाडल्या.

अमेरिकेने मात्र असा प्रांजळपणा दाखवला नाही, आणि त्याची किंमत व्हिएतनाममध्ये मोजली गेली.

यूजीन स्टोनरच्या रचनेतून आलेली एम-१६ रायफल ज्या दारूवर जुळवलेली होती, ती दारू लष्कराने बदलली. नव्या गोलदाणा दारूने चक्राचा वेग वाढला आणि आत काजळी अधिक साचू लागली. चेंबरला क्रोमचा मुलामा नव्हता, त्यामुळे दमट जंगलात तो गंजून खडबडीत होई. त्यावर कडी म्हणजे ही रायफल जवळपास साफ करावीच लागत नाही असा समज पसरला होता आणि सफाईचे साहित्यही पुरेसे पोचले नव्हते. पुंगळी चेंबरमध्ये रुतून बसे. नळीच्या तोंडातून सळई घालून ती ठोकून काढण्याखेरीज सैनिकाला गत्यंतर नसे, आणि तेही गोळीबार चालू असताना. १९६७ मधील खे सान्हच्या टेकड्यांवरील लढायांनंतर मरीन सैनिकांची पत्रे घरी, तेथून लोकप्रतिनिधींकडे पोचली. इचॉर्ड यांच्या संसदीय उपसमितीने त्याच वर्षी अहवाल दिला आणि लष्करी व्यवस्थापनाचे वर्तन गुन्हेगारी हलगर्जीपणाच्या सीमेवरचे ठरवले.

त्यानंतर चेंबरला क्रोम आले, दारू सुधारली, सफाईच्या पेट्या पोचल्या. विल आइस्नर या नामवंत चित्रकाराकडून सफाईची कॉमिक पुस्तिकाही काढवून घेण्यात आली. रायफलीचा मूळ आराखडा फारसा बदलावा लागला नाही, ही या प्रकरणातील सर्वांत बोचरी गोष्ट.

भारताच्या वाट्याला असा प्रसंग १९९९ मध्ये कारगिलला आला. पुण्याच्याच संस्थेने आखलेली ५.५६ मिलिमीटरची ‘इन्सास’ तेव्हा नवी होती. गोठवणाऱ्या थंडीत तिच्या प्लॅस्टिकच्या मॅगझीनला तडे गेल्याच्या तक्रारी आल्या. मॅगझीन हा डबाच, त्यात यंत्र असे फारसे नाही. पण काडतूस योग्य कोनात, योग्य क्षणी बोल्टसमोर आले नाही तर उरलेल्या यंत्राच्या हुशारीला काही अर्थ राहत नाही. पागेतल्या पितळाला अमोनियाने जे केले, तेच येथे प्लॅस्टिकला थंडीने केले.

आता पुन्हा अंबरनाथ. खानदेशात भुसावळजवळ वरणगावची निर्माणी १९६० च्या दशकात लहान शस्त्रांच्या काडतुसांसाठी उभी राहिली. खडकीचा दारूगोळा कारखाना तर १८६९ चा. अंबरनाथचे नाव या साखळीत काडतुसांच्या पितळी वाट्यांसाठी घेतले जाते. १ ऑक्टोबर २०२१ रोजी आयुध निर्माणी मंडळ मोडून सात कंपन्या झाल्या, तेव्हा अंबरनाथची निर्माणी नागपूर मुख्यालय असलेल्या ‘यंत्र इंडिया’कडे गेली.

पितळी पुंगळीच्या अंगात ताण उरला आहे का, हे पाहण्याची एक जुनी परीक्षा आहे. नमुन्याची पुंगळी पाऱ्याच्या नायट्रेटच्या द्रावणात बुडवतात. तांबट भट्टीचे काम नीट झाले असेल तर ती अखंड बाहेर येते. नसेल तर पावसाळ्यात अनेक महिन्यांनी जी भेग पडली असती, ती द्रावणात थोड्याच वेळात डोळ्यांदेखत उमटते.