लेकराचा जबाब, लेकराच्या भाषेत

बेळगावहून खानापूरच्या वाटेला लागलो की उद्यमबाग येते. फौंड्र्या, लेथची वर्कशॉप्स आणि कामगारांच्या वस्त्या. इथे मराठी, कन्नड, कोंकणी, उर्दू शेजारी-शेजारी नांदतात. अशा सीमाभागात एखाद्या लेकरावर अत्याचार झाला, तर ते सांगणार मराठीत आणि ठाण्यातला कागद लिहिला जाणार कन्नडमध्ये. मग त्याचे मूळ शब्द जपायचे कोणी?

मुलाच्या साक्षीला आपल्या कायद्याने कधीच मनाई केली नव्हती. प्रश्न समजून नीट उत्तर देता आले की पुरे, असे १८७२ चा पुरावा कायदा म्हणत होता. १९७३ च्या फौजदारी संहितेने एक पाऊल पुढे टाकले : पंधरा वर्षांखालील मुलाला किंवा कोणत्याही स्त्रीला पोलिसांनी चौकशीसाठी घराबाहेर बोलावू नये. पण घरी येऊन विचारायचे कसे, याबद्दल ती फारसे बोलत नव्हती.

आपल्या गोमंतकाला ही उणीव फार कडू अनुभवातून कळली. अनाथ मुलांचा आश्रयदाता म्हणवणारा फ्रेडी पिट्स १९९१ साली मडगावात पकडला गेला आणि १९९६ साली त्याला जन्मठेप झाली. पुढे २००३ मध्ये गोवा बाल कायदा आला व त्यात मुलांसाठी स्वतंत्र न्यायालयाची तरतूद झाली. २००४ च्या 'साक्षी' खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने, आरोपी मुलाला दिसू नये आणि त्याच्या वकिलाने आपले प्रश्न न्यायाधीशांकडे लेखी द्यावेत, असे सांगितले.

खटल्याआधीच्या चौकशीचे सविस्तर नियम मात्र १४ नोव्हेंबर २०१२ पासून लागू झालेल्या पॉक्सो कायद्याने घालून दिले. जबाब मुलाच्या घरी किंवा त्याला आवडेल त्या जागी घ्यायचा, शक्यतो महिला अधिकाऱ्याने आणि गणवेशाविना. आईवडील किंवा मुलाचा विश्वास असलेले माणूस सोबत हवे. रात्री मुलाला ठाण्यात ठेवायचे नाही. मूल बोलेल तसेच लिहायचे आणि भाषा कळत नसेल तर दुभाष्या द्यायचा.

ही शेवटची अट सीमाभागात सगळ्यांत महत्त्वाची. शरीराच्या अवयवांना घरात वापरले जाणारे शब्द, 'काका' म्हणजे नेमका कोण, हे सारे भाषांतरात सहज निसटते. मग महिन्यांनंतर न्यायालयात जबाब आणि साक्ष जुळत नाहीत, आणि खोटे ठरते ते लेकरू. म्हणून उद्यमबाग असो वा काणकोण, सोबत जाणाऱ्या थोरांनी दुभाष्या मागून घ्यावा आणि जबाब मुलाच्या भाषेत वाचून दाखवायला लावावा. कोणाची मेहेरबानी म्हणून हे मागायचे नाही. तो त्या लेकराचा हक्क आहे.